मेंदूच्या दारावरचा पहारा शोधणाऱ्या लीना स्टर्न यांना स्टॅलिनच्या राजवटीने तुरुंगात टाकलं होतं

१२ ऑगस्ट १९५२. मॉस्कोत एकाच खटल्यातल्या १३ जणांना गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. त्याच खटल्यात ७३ वर्षांच्या एक बाईही आरोपी होत्या. त्यांना मात्र जिवंत ठेवलं गेलं.

त्यांचं नाव लीना स्टर्न. रक्तातली कोणती गोष्ट मेंदूत जाते आणि कोणती दारातूनच परत फिरते, याचा शोध घेण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं.

नेमकं कोडं काय होतं?

१८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला रंग चढतच नसेल, असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी ट्रायपॅन ब्लू हा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं.

म्हणजे मेंदूला रंग चढत होता, पण रक्तातून तो तिथवर पोचत नव्हता. मध्ये काहीतरी आडवं येत होतं.

आज याचं कारण माहीत आहे. हा रंग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि अल्ब्युमिनला मेंदूत जवळपास प्रवेशबंदी आहे. प्रथिन अडलं, की त्याला चिकटलेला रंगही अडतो.

जिनिव्हातल्या पहिल्या महिला प्राध्यापक

लीना यांचा जन्म १८७८ चा. रशियन साम्राज्यातल्या, आजच्या लाटव्हियातल्या लिएपाया शहरात एका ज्यू कुटुंबात त्या वाढल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा गाठलं आणि १९१८ मध्ये त्याच विद्यापीठात प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

तिथे रेमंड गोतिए यांच्यासोबत त्यांनी एकेक पदार्थ प्राण्यांच्या रक्तात सोडून तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे तपासलं. मॉर्फिन आणि ब्रोमाइड आत गेले. अॅड्रेनलिन आणि पित्तातले क्षार बाहेरच राहिले.

यातून स्टर्न यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. ही नुसती भिंत नाही, हा निवड करणारा पहारेकरी आहे. काय आत घ्यायचं हे ठरवून तो मेंदूभोवतीचं वातावरण स्थिर ठेवतो. १९२१ मध्ये त्यांनी त्याला रक्त-मेंदू अडसर या अर्थाचं फ्रेंच नाव दिलं. आज जगभर तो ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणून ओळखला जातो.

मॉस्को, मान आणि मग तुरुंग

१९२५ मध्ये जिनिव्हातली नोकरी सोडून त्या सोव्हिएत रशियात गेल्या. १९३९ मध्ये त्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या पूर्ण महिला सदस्य झाल्या. १९४३ मध्ये त्यांना स्टॅलिन पुरस्कार मिळाला.

आपलं संशोधन त्यांनी थेट रुग्णांसाठी वापरलं. क्षयाचा मेंदूज्वर झाला की मरण जवळपास ठरलेलं असायचं. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध आलं होतं, पण रक्तातून ते मेंदूपर्यंत फारसं पोचत नव्हतं. स्टर्न यांनी अमेरिकेतल्या भावाकडून औषध मिळवलं आणि मानेच्या वरच्या बाजूने थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात दिलं. मरणाच्या दारातली मुलं वाचू लागली.

पण वारं फिरलं होतं. १९४८ मध्ये त्यांची संस्था बंद करण्यात आली. युद्धकाळात हिटलरविरोधी ज्यू समितीत त्यांनी काम केलं होतं, तेच आता देशद्रोह ठरलं. जानेवारी १९४९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांना अटक झाली. साडेतीन वर्षांच्या कैदेनंतर कझाकस्तानातल्या जांबूलला हद्दपारी आली. स्टॅलिन मेल्यावर १९५३ मध्ये त्या मॉस्कोला परतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाल्या.

शेवटचा पुरावा

१९६७ मध्ये अमेरिकेत थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सोडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचा माग काढला. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या होत्या, की प्रथिन त्या शिवणीपाशीच अडलं. पहारा नेमका कुठे आहे, ते दिसलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९६८ मध्ये, स्टर्न यांचं निधन झालं.

हा पहारेकरी निवड करतो, हे त्यांचं म्हणणं पुढेही खरं ठरलं. इन्शुलिनसारख्या प्रथिनासाठी या पेशींवर खास रिसेप्टर असतात. पेशी त्याला पोटात घेऊन पलीकडे सोडते. लोह आणणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनासाठीही असंच वेगळं दार आहे.

औषधांचं घोडंही इथेच अडतं. अल्झायमरवरच्या अँटिबॉडी म्हणजे मोठी प्रथिनंच. रक्तात दिलेल्या साध्या अँटिबॉडीचा जेमतेम हजारावा हिस्सा मेंदूत पोचतो. म्हणून आता औषध ट्रान्सफेरिनच्या दारातून आत न्यायची युक्ती काढली आहे. हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारावरच्या अशा औषधाला जपानने २०२१ मध्ये मान्यता दिली.

भिंत फोडायची नाही, पहारेकऱ्याला ओळखीचं वाटेल असं रूप घेऊन आत जायचं. ही वाट सापडली, कारण शंभर वर्षांपूर्वी स्टर्न यांनी भिंतीत पहारेकरी पाहिला होता.