ऑक्सफर्डच्या वर्गात कॉर्नेलिया सोराबजी

परदेशी जाऊन शिकलेल्या आपल्याकडील स्त्रियांची आठवण निघाली म्हणजे मंडळीत प्रथम पंडिता रमाबाईंचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या अभ्यासासाठी अमेरिकेस गेल्या. या दोघींमागून सहा वर्षांनी, १८८९ साली, नाशिकला जन्मलेली व पुण्यास शिकलेली एक ख्रिस्ती तरुणी ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. कायदेपंडित म्हणून त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्या परक्या विद्यापीठातील वर्गात त्यांनी आपली जागा कशी करून घेतली, हा भाग संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना सांगावा असा असूनही सहसा सांगितला जात नाही. गंधवानी, मनावर, कुक्षी इकडची मुले धारला किंवा इंदूरला कॉलेजात जातात, तेव्हा पहिल्या सत्रात कशी बावरून जातात हे आपण पाहतोच. येथे तर समुद्रापलीकडची गोष्ट आहे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्ह. सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणीच त्यांनी प्रभूचा स्वीकार केला व त्यापायी स्वजनांचा मोठा रोष पत्करला. पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात होते. आई फ्रान्सिनाबाई यांना लहानपणी सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी फोर्ड या इंग्रज दांपत्याने वाढवले होते. त्या लेडी फोर्ड यांचे नाव कॉर्नेलिया, आणि तेच आईने आपल्या मुलीस ठेवले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले व त्यात निरनिराळ्या धर्मांच्या मुलांना एकत्र बसवले. घरात मुली पुष्कळ. त्या काळी अशा घराकडे लोक कीव करून पाहात असत. सोराबजी दांपत्याने मात्र प्रत्येक मुलीला शिकवायचे ठरवले होते. थोरल्या मुलींना मुंबई विद्यापीठाने दारातूनच परत पाठवले, तरी वडिलांनी आपला हेका सोडला नाही. त्यांच्या खटपटीचे फळ कॉर्नेलियाबाईंच्या पदरात पडले.

कायद्याकडे त्यांचे मन वळले ते बालपणीच. एक श्रीमंत गुजराती विधवा रडतरडत त्यांच्या आईकडे आली होती. पडद्यातील बाई; परपुरुषासमोर यायची सोय नाही, लिहितावाचता येत नाही. सगळा कारभार दिवाणजीच्या हाती. त्याने कोऱ्या कागदावर तिची निशाणी घेतली व तिची मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली. पुरुष वकिलाकडे तिला जाता येत नव्हते, आणि स्त्री वकील तर देशात एकही नव्हती. आईने मुलीला सुचवले की अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिकावा लागेल. मुलीने ते मनात जपून ठेवले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. वर्गातील मुलांना हे रुचले नाही. त्या येताना दिसल्या की काही जण वर्गाचे दार मुद्दाम लावून घेत. तरी त्या येत राहिल्या, आणि १८८७ साली कॉलेजात सर्वांच्या वर नंबर काढून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. या यशाबरोबर इंग्लंडात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची; पण विद्यार्थी स्त्री आहे एवढ्याच कारणाने ती नाकारण्यात आली. गुणपत्रिका तीच, परीक्षाही तीच. वाचकांनी याचा विचार करावा.

मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवण्याची नोकरी धरली. एकवीस-बावीस वर्षांची तरुणी आणि समोर सगळे पुरुष विद्यार्थी! जिच्या तोंडावर कालपर्यंत दारे लागत होती, ती आता त्याच दारातून शिक्षिका म्हणून आत जाऊ लागली. इकडे इंग्लंडात लेडी हॉबहाउस यांनी पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी निधी उभारला. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीही वर्गणी घातली. अशा रीतीने सरकारने नाकारलेला मार्ग मित्रांनी मोकळा केला.

ऑक्सफर्ड विद्यापीठ शेकडो वर्षांचे जुने, पण स्त्रियांसाठी ते जवळजवळ नवेच होते. समरव्हिल हॉल, जेथे कॉर्नेलियाबाई राहिल्या, ते १८७९ साली सुरू झालेले. तेथे कोणत्याही पंथाची अट नव्हती, हे त्याचे वैशिष्ट्य. मुलींना व्याख्यानांस बसता येई, पण ते शिकवणाऱ्याच्या मर्जीने. पुरुषांच्या कॉलेजात व्याख्यानाला जायचे तर बरोबर एखादी पोक्त बाई सोबतीण म्हणून न्यावी लागे. काही परीक्षा त्यांना देता येत. उत्तीर्ण झाल्या तरी पदवी मात्र मिळत नसे. म्हणजे जेवणाच्या पंगतीस बसवायचे, वाढायचेही, पण पाहुणा म्हणून नाव मात्र घ्यायचे नाही, असा तो प्रकार होता.

शिकवण्याची रीतही आपल्याहून निराळी. आपल्याकडे प्रोफेसर बोलतात व विद्यार्थी लिहून घेतात. तेथे व्याख्याने होतात, पण खरा अभ्यास शिक्षकाच्या खोलीत होतो. आठवडाभर ग्रंथ चाळायचे, स्वतः निबंध लिहायचा, तो शिक्षकासमोर वाचायचा आणि मग तो प्रत्येक विधानाला विचारील त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. पाठांतराचा तेथे उपयोग नाही. सत्रे आठ-आठ आठवड्यांची, त्यामुळे बसायला, रमायला वेळच मिळत नाही. एक सत्र नुसते वाटा ओळखण्यात जाते. वर ती थंडी, लवकर पडणारा अंधार आणि चहूकडे परकी माणसे. कॉर्नेलियाबाई साडी नेसत. त्यांनी ती सोडली नाही. रस्त्याने जाताना लोक वळून पाहात, पण याचा त्यांनी संकोच केला नाही. उलट त्या साडीमुळेच त्यांना सगळे ऑक्सफर्ड ओळखू लागले. घरी मात्र त्या नियमाने पत्रे लिहीत. त्यांतील पुष्कळ पत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत.

पहिली अडचण थंडीची नव्हती, विषयाची होती. ज्यांनी पैसा उभारला व ज्यांच्याकडे त्या राहात होत्या, त्या हितचिंतकांना वाटे की मुलीने साहित्य शिकावे व हिंदुस्थानात परत जाऊन शिक्षिका व्हावे. त्यांचेही अगदीच चुकले असे म्हणवत नाही. कायदा शिकून स्त्रीने करायचे काय? जगाच्या त्या भागात स्त्रीला वकिली करण्याची परवानगीच नव्हती. कॉर्नेलियाबाईंनी प्रथम साहित्याचा अभ्यास सुरूही केला. पण त्या पुण्याहून निघाल्या होत्या त्या विधवेसाठी. उपकारकर्त्यांचा मान राखायचा, आणि तरी आपल्याला झालेले पाचारण त्यांच्या हाती द्यायचे नाही, हे किती कठीण असते ते मिशनच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांना सांगायला नको.

या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते बेलियल कॉलेजचे मास्टर बेंजामिन जोवेट. हे स्वतः दीक्षित पाळक व प्लेटोचे प्रसिद्ध भाषांतरकार. १८६० साली पवित्र शास्त्राच्या अभ्यासावर त्यांनी लिहिलेल्या निबंधावरून चर्चमध्ये त्यांच्यावर मोठे वादळ उठले होते, म्हणून एकाकीपणा कशास म्हणतात हे त्यांना चांगले माहीत असावे. हिंदुस्थानात जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाकडेही ते लक्ष देत. त्यांनी या मुलीला आपल्या घरी बोलावले, मोठमोठ्या माणसांशी तिची ओळख करून दिली आणि कायद्याचा मार्ग मोकळा केला. विद्यापीठात एक ज्येष्ठ माणूस आपला झाला की परकेपणा निम्मा होतो.

कायद्यात त्यांना शिक्षक मिळाले तेही नामांकित. राज्यघटनेवरील ग्रंथाने गाजलेले डायसी. कलकत्त्याच्या हायकोर्टात न्यायाधीश असलेले व नंतर ऑक्सफर्डात हिंदी कायदा शिकवणारे मार्कबी. आणि ऑल सोल्स कॉलेजचे वॉर्डन सर विल्यम अ‍ॅन्सन, ज्यांचे करारांच्या कायद्यावरील पुस्तक आपल्या इकडच्या वकिलांनीही पिढ्यान्‌पिढ्या वाचले. अ‍ॅन्सन साहेबांनी तर एक नवीनच गोष्ट केली. त्यांच्या कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात कायद्याचे ग्रंथ उत्तम होते, पण तेथे स्त्रीला वाचायला बसण्याची वहिवाट नव्हती. त्यांनी कॉर्नेलियाबाईंना ते ग्रंथालय उघडून दिले. तेथे वाचक म्हणून प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. मला वाटते, त्यांच्या सगळ्या ऑक्सफर्डच्या दिवसांत ही घटना सर्वांत सुखाची असावी. व्याख्यानाला सोबतीण लागे, पंगतीत सगळ्यांच्या नजरा लागत. ग्रंथालयात मात्र आपण आणि ग्रंथ. रोमन कायदा, इंग्रजी कायदा, न्यायशास्त्र, सगळे तेथे मांडून ठेवलेले.

अशी तीन वर्षे होत आली. १८९२ साली कायद्याच्या वरच्या पदवीची, बी. सी. एल. ची, परीक्षा जवळ आली. तोपर्यंत कोणतीही स्त्री या परीक्षेस बसली नव्हती. आणि परीक्षेच्या अगदी तोंडावर घोटाळा झाला. परीक्षकांपैकी लंडनच्या एका गृहस्थाने स्त्रीचे पेपर तपासण्यास साफ नकार दिला. एक पर्याय सुचवण्यात आला, की त्यांनी समरव्हिलमध्येच, स्वतंत्र देखरेखीखाली पेपर लिहावेत. दुसऱ्या कोणी तो सुखाने पत्करला असता. अभ्यास झाला आहे, पेपर लिहून मोकळे व्हावे. पण कॉर्नेलियाबाईंनी ओळखले की बाजूच्या खोलीत दिलेली परीक्षा ही बाजूचीच परीक्षा ठरेल, आणि उद्या न्यायालयात तिची किंमत कोणी धरणार नाही. त्यांनी कुलगुरूंकडे दाद मागितली. विद्यापीठाच्या सभेत खास ठराव झाला, आणि त्या पुरुष विद्यार्थ्यांबरोबर, त्याच परीक्षागृहात, साडी नेसून बसल्या. शिक्षिका होऊन अहमदाबादच्या वर्गात उभे राहणे एक, आणि हा ठराव हातात घेऊन त्या बाकावर बसणे वेगळे.

निकाल लागला तो तिसऱ्या वर्गाचा. त्यांना स्वतःला याचे वाईट वाटले. चरित्रे लिहिणारे बहुधा हे घाईने ओलांडून जातात, पण आपण ते झाकण्याचे कारण नाही. ऐन वेळी परीक्षा होते की नाही या चिंतेत दिवस गेलेले, विषय उशिरा बदललेला; तरी जे झाले ते झाले, आणि ते उत्तीर्ण होणेच होते. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते.

काही काळ लंडनच्या एका सॉलिसिटर कचेरीत काम शिकून त्या १८९३ साली परतल्या. ज्या पडद्यातील बायकांसाठी त्या गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत त्या आता पोचू लागल्या. काठेवाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे अशा बायकांच्या वतीने अर्ज करण्याची त्यांना खास परवानगी मिळाली. आपले धार व देवास हे त्या वेळी इंदूरला मुख्य ठाणे असलेल्या मध्य भारत एजन्सीतच मोडत, तेव्हा त्यांचे काम आपल्या मुलखाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते म्हणायचे. पण न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार नाही. १८९६ साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या व ती स्त्री सुटली; ते कायद्यातील एका मोकळ्या जागेमुळे शक्य झाले. मुंबईची एलएल. बी., अलाहाबादच्या हायकोर्टाची वकिली परीक्षा, सगळे दिले, सनद नाही. शेवटी १९०४ साली सरकारने त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमले. पालखीतून, बैलगाडीतून, होडीतून त्या जमीनदार घराण्यांतील विधवा व अनाथ मुलांपर्यंत गेल्या. अशा सुमारे सहाशे जणांच्या कामी त्या पडल्या असे सांगतात.

उतारवयातील त्यांची राजकीय मते आपल्या लोकांना रुचली नाहीत. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता, आणि मिस मेयो यांच्या ज्या पुस्तकाने सारा देश संतापला त्याची त्यांनी बाजू घेतली. त्यामुळे पुष्कळ मित्र दुरावले, आणि आपल्याच देशात त्यांचे नाव बरीच वर्षे मागे पडले. तो दोष त्यांच्या पदरी आहेच.

ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे १९२० साली ठरवले. कॉर्नेलियाबाई पुन्हा इंग्लंडला गेल्या, आणि १९२२ साली, परीक्षेला तीस वर्षे झाल्यावर, त्यांना बी. सी. एल. ची पदवी मिळाली. त्या वेळी त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. शेजारी रांगेत उभ्या असलेल्या कित्येक मुली त्यांनी परीक्षा दिली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. पाठोपाठ त्यांना बॅरिस्टरीचा अधिकार मिळाला, हिंदुस्थानातही १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली मोकळी झाली, आणि त्या कलकत्त्याच्या हायकोर्टात काम करू लागल्या. तेथेही बहुतेक कामे कागदावर मत लिहून देण्याचीच त्यांच्याकडे येत. उभे राहून बोलण्याची थोडी. १९२९ साली त्या लंडनला राहायला गेल्या. पुढे दृष्टी अगदी अधू झाली. ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. पुण्यात त्यांच्या बहिणीने, सुझी सोराबजी यांनी, काढलेली सेंट हेलेना शाळा आजही चालू आहे, आणि समरव्हिलमध्ये कायदा शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी आता कॉर्नेलियाबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे.