सव्वीस मिनिटं

थर्ड इयरच्या सबमिशनच्या गडबडीत घरून फोन आला, आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. रक्तगट ओ निगेटिव्ह! मग काय, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डापासून ब्लड बँकेपर्यंत माझी नुसती धावपळ. कशीबशी चार पिशव्यांची सोय झाली. प्रत्यक्षात लागली एकच. एवढ्यात कसं भागलं, असं मी सर्जनना विचारलं, तर त्यांनी गोष्ट सुरू केली ती जॉन गिबनपासून.

गिबन १९०३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जन्मला. घराण्यात डॉक्टरकी पिढीजात. बोस्टनला शिकत असताना, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका बाईजवळ तो रात्रभर बसून होता. ती वाचली नाही. तिचं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडता आलं असतं तर? हा विचार त्याला सोडेना. पत्नी मेरीला सोबत घेऊन त्याने प्रयोग मांडले. १९३५ साली यंत्रावर ठेवलेलं मांजर जगलं.

पण माणसाला पुरेल एवढं यंत्र डॉक्टरला एकट्याला कसं जमणार? महायुद्धानंतर आयबीएमचे इंजिनिअर मदतीला आले. तारेच्या जाळ्यांवरून रक्ताचा पातळ थर वाहू द्यायचा आणि तिथेच त्याला ऑक्सिजन मिळवून द्यायचा, अशी रचना ठरली. मित्रांनो, आपण कंटाळत शिकतो ते फ्लुइड मेकॅनिक्स हेच! ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र गिबनने शिवलं. सव्वीस मिनिटं तिचा सगळा भार यंत्रावर होता. मुलगी बरी झाली.

पुढचे रुग्ण मात्र दगावले. गिबनने हात आखडला आणि पुन्हा तशी शस्त्रक्रिया केलीच नाही. १९५५ पासून मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिनने ते यंत्र सुधारून वापरात आणलं.

एक अडचण उरलीच. यंत्राच्या नळ्या भरायलाच बाटल्याच्या बाटल्या रक्त लागे. १९६० च्या दशकात त्याऐवजी ग्लुकोजचं पाणी वापरायला सुरुवात झाली. धर्मश्रद्धेमुळे रक्त न घेणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांवर ह्यूस्टनच्या डेंटन कूलीने याच वाटेने शस्त्रक्रिया केल्या. १९७७ साली त्याच्या चमूने रक्त न देता केलेल्या ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. आता तर यंत्राच्या नळ्या आखूड झाल्यात, रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, सांडलेलं रक्त धुऊन रुग्णालाच परत देतात. आईलाही तिचंच रक्त परत मिळालं होतं.

गिबन १९७३ साली टेनिस खेळताना हृदयविकाराने गेला. ज्या अवयवासाठी आयुष्य वेचलं, त्यानेच दगा दिला.

आई आता रोज सकाळी फिरायला जाते. आणि मी? फ्लुइड मेकॅनिक्सचं लेक्चर बंक करत नाही!