उजेडाने टीबीशी लढलेला डॉक्टर : नील्स फिनसेन

टीबीवर गोळ्या-इंजेक्शनं नव्हती, त्या काळात एका आजारी डॉक्टरने उजेडालाच औषध केलं. ते म्हणजे डॉ. नील्स फिनसेन. १५ डिसेंबर १८६० रोजी डेन्मार्कच्या फेरो बेटांवर त्यांचा जन्म झाला. शाळा आइसलँडमध्ये, डॉक्टरकी कोपनहेगनमध्ये. १८९० साली ते डॉक्टर झाले.

पण तेविशीतच त्यांना दुखण्याने गाठलं होतं. यकृत, हृदय कमजोर होत गेलं, पोटात पाणी साठू लागलं. राहतं घर उत्तरेकडे तोंड असलेलं, ऊन येत नसे. उन्हाने आपल्याला बरं वाटेल, असं त्यांना वाटू लागलं आणि तिथूनच उजेडाचा अभ्यास सुरू झाला.

त्या वेळी त्वचेच्या टीबीने लोकांचे नाक-गाल अक्षरशः खाऊन टाकलेले असत. असे रुग्ण चारचौघांत येत नसत. १८९५ मध्ये फिनसेन यांनी अशाच एका इंजिनिअरवर कार्बन आर्क दिव्याचा उजेड टाकून उपचार केले आणि गुण आला. उजेड क्वार्ट्झच्या भिंगांतून एका जागी आणायचा, पाण्यातून नेऊन त्याची उष्णता काढायची आणि रक्त बाजूला सरावं म्हणून कातडी दाबून धरायची, अशी ही पद्धत होती. रोज तास-दीड तास, कित्येक महिने. १८९६ मध्ये कोपनहेगनला खास संस्था उभी राहिली. थोड्याच वर्षांत तिथे ८०० हून जास्त रुग्णांवर उपचार झाले.

१९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण तब्येतीमुळे ते घ्यायला जाता आलं नाही. बक्षिसाच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी रुग्णांच्या कामासाठी दिला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी ते गेले.

आपले किरण थेट जंतू मारतात, असं फिनसेन मानत. जंतूंमधल्याच पॉर्फिरिन या रंगद्रव्यावर उजेड पडून तयार होणारा तीव्र ऑक्सिजन त्यांना मारत असावा, असं अलीकडच्या संशोधकांनी दाखवलं. हेच तत्त्व आता वनस्पतींच्या अर्कांवर वापरून पाहिलं जातंय. सांगलीच्या बाजारात पोत्यांनी येणाऱ्या हळदीतलं कर्क्युमिन आणि निळा उजेड मिळून जंतू मरतात, असं प्रयोगशाळांत दिसलं आहे. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू वाढत असताना या वाटेला महत्त्व आलंय. अर्थात, हळद लावून उन्हात बसणं हा टीबीवरचा इलाज नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पुरा करायलाच हवा. फिनसेन यांच्या रुग्णांच्या नशिबी त्या गोळ्या नव्हत्या.