कमला सोहोनी : एक संशोधिका, दोन नावे

१९७५ साली कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. सातारा-सांगलीकडच्या तुम्हां विद्यार्थ्यांना हे ऐकून माहीत असेल. दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी कमला यांचे नाव मात्र मराठीच्या विद्यार्थ्याच्या वाचनात क्वचितच येते. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे चरित्र या घटकात घेण्याचे कारण असे की, चरित्रकाराची पहिली अडचण पुष्कळदा चरित्रनायिकेचे नाव हीच असते आणि ती येथे स्पष्ट दिसते.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षाधीन म्हणून, आणि आपल्या वावराने इतरांच्या कामात व्यत्यय येऊ न देण्याच्या अटीवर! गुणवत्तेचा प्रश्न तेथे नव्हताच, हे तुमच्या ध्यानात येईल. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केले. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाला साहाय्य करणारी सायटोक्रोम-व्यवस्था वनस्पतींतही असते, हे बटाट्यावरील प्रयोगांतून पुढे आले. १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हिल व भागवत यांचे टिपण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कमलाबाईंना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख वारंवार होतो. तो तपासून वापरावा, कारण जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची अशी पदवी १९३१ मध्येच मिळाली होती.

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. कच्च्या वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते. तुमच्याकडचा पावटा याच वनस्पतीचा. तो शिजवला की या द्रव्याचा प्रभाव बराच ओसरतो. वाल व डबल बी यांतून हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे टिपण १९५५ मध्ये ‘नेचर’मध्येच आले, पण लेखिकेचे आडनाव आता सोहोनी होते.

येथे थोडे थांबा. एका शोधनिबंधाचा दाखला पुढील किती निबंधांनी दिला, यावरून त्याचा प्रभाव मोजण्याची पद्धत १९६०च्या दशकात रूढ होऊ लागली. अशा सूचीत लेखकाची ओळख म्हणजे आडनाव आणि आद्याक्षर. रोमन वर्णक्रमात भागवत ‘बी’खाली येतात, सोहोनी ‘एस’खाली. शिवाय भागवत हे आडनाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, कमलाबाईंच्या निबंधांवर ते ‘व्ही’ने आहे. विवाहाची तारीख पाहून नोंदींची विभागणी करावी, तर तीही फसते : हिल यांच्यासह लिहिलेला वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा विस्तृत निबंध १९५१ मध्ये भागवत याच नावाने छापला गेला. हिल यांचे दाखले आरंभापासून अखेरपर्यंत एकाच नावाखाली सापडतात. कमलाबाईंचे दोन ठिकाणांहून गोळा करून जोडावे लागतात, आणि या दोन व्यक्ती नव्हेत हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते जोडता येतात.

काही काम तर अशा मोजणीच्या बाहेरच राहते. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी सामान्य ग्राहकासाठी लेख लिहिले. १९९८ च्या जूनमध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.