ओले कर्क क्रिस्टियनसेन

ओले कर्क क्रिस्टियनसेन (जन्म : ७ एप्रिल १८९१; मृत्यू : ११ मार्च १९५८) हे डॅनिश सुतार व लेगो या खेळणी-उद्योगाचे संस्थापक होते. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ज्या विटांपासून आज मुले आणि प्रौढ छंदिष्ट यंत्रमानव रचतात, त्या विटांचे लेगोतील उत्पादन त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. विटेची मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती.

पूर्वायुष्य

डेन्मार्कमधील जटलंड या द्वीपकल्पात एका गरीब, मोठ्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले व काही वर्षे जर्मनी आणि नॉर्वे येथे त्यांनी काम केले. १९१६ मध्ये बिलुंड या लहानशा खेड्यात त्यांनी सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी क्रिस्टीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुलगे झाले. १९२४ मध्ये त्यांपैकी दोघांच्या हातून लाकडाच्या भुश्शाला आग लागली आणि कारखान्यासह राहते घरही जळाले. क्रिस्टियनसेन यांनी कर्ज काढून पूर्वीपेक्षा मोठी इमारत उभारली.

खेळण्यांकडे

त्यांचे बहुतेक ग्राहक परिसरातील शेतकरी होते. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा बलुत्यावर जगणाऱ्या सुताराची दुष्काळात व्हावी तशी त्यांची अवस्था झाली. घरबांधणीची कामे थांबली. १९३२ मध्ये त्यांनी शिड्या, इस्त्रीचे फळे आणि उरल्यासुरल्या लाकडाची खेळणी करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. कर्जासाठी जामीन राहण्याची विनंती त्यांनी भावंडांना केली. भावंडांनी ती मान्य केली, परंतु याहून उपयोगी काही करता येत नाही का, असेही विचारले. गावच्या सुताराने खेळणी करणे आपल्याकडे नवे नाही. हिंगोली जिल्ह्याला लागून असलेल्या विदर्भात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घडवले जातात. क्रिस्टियनसेन यांचे वेगळेपण हे, की सणापुरते काम त्यांनी वर्षभराचा व्यवसाय केला. यो-योची लाट ओसरल्यावर पडून राहिलेल्या मालाची त्यांनी खेळण्यातील गाड्यांची चाके केली.

१९३४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. चांगले खेळणे या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून उद्योगाला लेगो हे नाव याच सुमारास मिळाले. त्यांच्या कडवेपणाचा एक प्रसंग कंपनीत परंपरेने सांगितला जातो. मुलगा गॉटफ्रेड याने लाकडी बदकांना रोगणाचे तीनऐवजी दोनच हात देऊन पैसे वाचवले आणि ते कौतुकाने वडिलांना सांगितले. वडिलांनी त्याला रेल्वे स्थानकावरून माल परत आणून उरलेला हात रात्रीतून स्वतः द्यायला लावला.

मार्च १९४२ मध्ये, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, कारखाना पुन्हा जळाला. खेळण्यांचे नमुने व आराखडेही त्यात नष्ट झाले. उद्योग बंद करण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता; तरी कारखाना पुन्हा उभा राहिला.

प्लॅस्टिकची वीट

युद्धानंतर त्यांनी इंग्लंडहून प्लॅस्टिक साच्यात ओतणारे यंत्र मागवले. लाकडावर पोसलेल्या कारखान्यासाठी हा खर्च धाडसाचा होता आणि घरातूनही त्याविषयी शंका व्यक्त झाली. याच सुमारास किडीक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीची, हिलरी पेज यांनी रचलेली पोकळ वीट त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यात थोडे फेरफार करून लेगोने १९४९ मध्ये आपली वीट बाजारात आणली. पेज १९५७ मध्ये वारले; किडीक्राफ्टच्या विटेचे हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ मध्ये. संस्थापकाच्या गौरवगाथेत हा भाग पुष्कळदा गाळला जातो.

या पहिल्या विटा एकमेकींवर रचता येत, पण त्यांची पकड कमकुवत होती. बांधलेली वस्तू उचलली तर सुटून येई. त्यांचा खपही मंद होता. सर्व विटा एकाच योजनेत बांधून खेळपद्धती म्हणून विकण्याची कल्पना १९५५ मध्ये गॉटफ्रेड यांनी अमलात आणली. विटेच्या पोकळीत नळ्या बसवून खालच्या विटेची बोंडे घट्ट धरून ठेवण्याच्या रचनेसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज करण्यात आला. त्यानंतर सहा आठवड्यांनी क्रिस्टियनसेन यांचे निधन झाले. नळीच्या विटेचे यश त्यांना पाहता आले नाही. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले आणि ज्या लाकडावर उद्योग उभा राहिला होता, ते काम गॉटफ्रेड यांनी बंद केले.

विटेपासून यंत्रमानवापर्यंत

यंत्रमानवाच्या प्रतिकृतीला घराच्या प्रतिकृतीहून अधिक पकड लागते, कारण उगारलेल्या हाताचे वजन खांद्याच्या मोजक्या जोडांवर येते. सैल बसणाऱ्या जुन्या विटांनी असा हात तोलणे अवघड होते. नळीच्या विटेने ते शक्य झाले. १९७७ मध्ये दातेरी चक्रे व अक्षदंड असलेले संच आले आणि पुढे मोटारींची जोड मिळाली. १९९८ च्या माइंडस्टॉर्म्स संचात संगणकीय आज्ञा पाळणारी वीट होती. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्यातून घडली, आणि संचाचे नाव तेथील गणितज्ञ व शिक्षणतज्ज्ञ सेमूर पॅपर्ट यांच्या १९८० च्या ग्रंथावरून घेतले गेले. ही मालिका २०२२ च्या अखेरीस बंद करण्यात आली.

चालक आत बसून चालवतो अशा महाकाय यंत्रमानवांना जपानी चित्रकथांच्या प्रभावाने मेका म्हटले जाते. लेगोने २००६ मध्ये एक्सो-फोर्स ही मेकांची मालिका काढली. छंदिष्ट मात्र संचातील आराखड्यावर थांबत नाहीत. गुडघा, खांदा आणि घोटा यांसाठी गोलक-सांधे वापरून ते स्वतःच्या रचना करतात. अशा रचनांत वेगवेगळ्या दशकांतील विटाही एकत्र वापरता येतात, कारण १९५८ च्या विटेची मूळ मापे कायम राहिली आहेत.