श्वास मोजणारा योगी

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण त्याची सुरुवात आमच्या अर्धापूरच्या एका विहिरीत झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत केळीच्या बागेतल्या विहिरीत आम्ही पोरं पोहायचो. पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो, अशी पैज लागायची. मोठ्या पोरांनी युक्ती शिकवली होती : बुडी मारायच्या आधी वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा. एकदा माझा मित्र वर आलाच नाही. आमच्या सालगड्याने उडी मारून त्याला बाहेर काढलं, म्हणून वाचला. इतका ऑक्सिजन भरून घेतल्यावर शुद्ध हरपलीच कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात तसाच राहिला. उत्तराची वाट सापडली ती हॉस्टेलवर स्वामी कुवलयानंदांबद्दल वाचताना.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेत डभोईला. मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याला कॉलेज करतानाच त्यांनी माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं. पुढे अमळनेरला शिक्षक झाले आणि १९१६ मध्ये तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य. १९२० मध्ये ते कॉलेज बंद पडलं. त्याआधीच नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजी हे गुरू त्यांना भेटले होते.

गुरूने शिकवलं ते त्यांनी श्रद्धेने केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौलीच्या वेळी एक्स-रे काढून पोटात काय घडतं ते पाहिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि प्रयोग छापायला योगमीमांसा हे नियतकालिक काढलं. १९२७ मध्ये गांधीजींनी तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं श्वासावरचं काम. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो असं लोक म्हणायचे, आजही म्हणतात. १९३० च्या दशकात कुवलयानंदांनी श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला. ऑक्सिजन जास्त मिळणं हे काही प्राणायामाचं खरं मोल नाही, असं त्यांनी मांडलं. स्वतः योगी असून योगाबद्दलचा लाडका समज खोडायला धाडस लागतं.

आता विहिरीकडे येऊ. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवलं होतं की नेहमीचा श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर चालतो. आपल्या भाषेत हा फीडबॅक लूप. मेंदूच्या खालच्या टोकाशी असलेले सेन्सर कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणारी आम्लता ओळखतात आणि श्वास वाढवतात. मानेत, धमनीच्या फाट्यापाशी, तांदळाच्या दाण्याएवढा दुसरा सेन्सर असतो, तो ऑक्सिजन पाहतो. बेल्जियमच्या हेमन्स यांनी प्राण्यांवर प्रयोग करून अशा सेन्सरचं काम दाखवलं, त्याला १९३८ चं नोबेल मिळालं. मात्र हा सेन्सर ऑक्सिजन बराच उतरल्यावरच जोरात ओरडतो.

रक्त ऑक्सिजनने आधीच जवळजवळ भरलेलं असतं. त्यामुळे जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं. पाण्याखाली श्वास घ्यावासा वाटण्याआधीच मेंदूचा ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध जाते. माझ्या मित्राचं हेच झालं होतं.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात आहे. आपल्या लॅबमध्ये आपण रीडिंग जर्नलमधून उतरवून काढतो, तेव्हा मला या माणसाची आठवण येते आणि लाज वाटते. जे मनापासून मानलं, तेही त्यांनी मोजून पाहिलं.

आणि हो, सुट्टीत गावाकडे विहिरीवर गेलात तर बुडीआधी जोरजोरात श्वास घ्यायची ती युक्ती करू नका. धाकट्या भावंडांनाही सांगा.