दीड दिवसाची शाळा आणि भुकेची गाणी : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे



१ ऑगस्टला आपल्या सगळ्या शाळांमध्ये दोन फोटोंना हार घातला जातो. एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा अण्णाभाऊ साठ्यांचा. टिळकांचं निधन झालं १ ऑगस्ट १९२० ला आणि अण्णाभाऊंचा जन्मही त्याच दिवसाचा. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट पहिलीतलं पोरगंसुद्धा न अडखळता सांगतं. अण्णाभाऊंच्या भाषणात मात्र बहुतेक वेळा जन्मतारीख, गावाचं नाव आणि पुस्तकांची यादी एवढंच असतं. मुलं ते पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

आमचा तलवाडा आणि एकूणच गेवराई तालुका म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही. म्हणून यंदा अण्णाभाऊंचं चरित्र एका वेगळ्या बाजूने मांडत आहे. दुष्काळ, भूक, गाव सोडणं आणि त्यावर रचलेली गाणी, ही ती बाजू.

जन्म आणि बालपण

अण्णाभाऊंचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. गाव वाटेगाव, तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा. त्या वेळी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. आईचं नाव वालुबाई. घर मांगवाड्यात. वडील भाऊराव मुंबईत साहेब लोकांच्या बंगल्यावर बागकाम करायचे आणि अधूनमधून गावी यायचे. म्हणजे बाप दूर आणि घर गावात, ही ताटातूट अण्णाभाऊंनी लहानपणापासूनच बघितली.

इंग्रज सरकारने त्या काळी मांग समाजावर गुन्हेगार जमात असा शिक्का मारला होता. काही केलेलं नसलं तरी माणसांना सरकारी हजेरी द्यावी लागे. गावात वेशीबाहेर घर, सरकारदरबारी संशय आणि घरात दाण्यांची चणचण, अशा परिस्थितीत हे पोरगं वाढलं. त्यांच्या जन्माच्या वेळची एक गोष्ट सांगतात. फकिरा नावाचा बंडखोर वीर त्यांच्या घरी आला होता आणि त्याने बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये दिले होते. पुढे याच फकिराला अण्णाभाऊंनी आपल्या कादंबरीचा नायक केलं.

शाळा फक्त दीड दिवस

अण्णाभाऊ शाळेत गेले ते फक्त दीड दिवस. जातीमुळे मिळणारी वागणूक आणि मास्तरांचा धाक त्यांना सहन झाला नाही. शाळा सुटली ती कायमची.

भाषणात आपण हे वाक्य मोठ्या कौतुकाने घेतो. दीड दिवस शाळा शिकून एवढे मोठे साहित्यिक झाले, म्हणून टाळ्या पडतात. पण आपण शिक्षक आहोत, आपण हे वाक्य उलट्या बाजूनेही वाचलं पाहिजे. एवढा बुद्धिमान मुलगा हाताशी होता आणि शाळेला तो दीड दिवसापेक्षा जास्त टिकवता आला नाही. अण्णाभाऊ मोठे झाले ते शाळेशिवाय, शाळेमुळे नव्हे. असे किती तुकाराम दीड दिवसात शाळेबाहेर गेले आणि पुढे त्यांचं काहीच झालं नाही, याची कुठे नोंद नाही.

वाटेगाव ते मुंबई, पायी

१९३१-३२ च्या सुमारास गावात जगणं अवघड झालं आणि सगळं कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते. तेव्हा अण्णाभाऊ अकरा-बारा वर्षांचे, म्हणजे आपल्या पाचवी-सहावीच्या पोराएवढे. तीनशे किलोमीटरहून जास्त वाट होती आणि वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल तिथे मुक्काम करत हे बिऱ्हाड मुंबईला पोचलं. भायखळ्याच्या चाळीत आसरा मिळाला.

मुंबईत त्यांनी काय नाही केलं? ओझी उचलली, बूट पॉलिश केलं, फेरीवाल्याच्या कापडाचं गाठोडं डोक्यावर वाहिलं, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून ते अक्षरं जुळवायला शिकले. ज्याला शाळेने अक्षर दिलं नाही त्याला रस्त्याने दिलं. नंतर काही काळ ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले. ढोलकी, कवन, वग, सवाल-जवाब ही त्यांची दुसरी शाळा. ही शाळा मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

पुन्हा मुंबईला आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीशी त्यांची गाठ पडली. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. दिवसभर राबलेली माणसं रात्री मैदानात जमायची आणि हे तिघे त्यांना त्यांचीच कहाणी डफाच्या तालावर ऐकवायचे.

बंगालची हाक

१९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे २० ते ३० लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, असा अंदाज आहे. शेतात काहीच पिकलं नव्हतं असं नाही. महायुद्ध चालू होतं, तांदळाचे भाव आभाळाला भिडले, साठेबाजांनी माल दाबून ठेवला आणि सरकारने वेळेवर हात दिला नाही. खेड्यापाड्यातली माणसं अन्नाच्या आशेने कलकत्त्याच्या रस्त्यावर आली आणि तिथेच मेली.

अण्णाभाऊंनी यावर 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. बंगाल कुठे आणि वाटेगाव कुठे? भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण भुकेपायी घरदार सोडून निघालेलं माणूस त्यांना लगेच ओळखू आलं, कारण ती वाट ते स्वतः चालले होते. एरवी पोवाडा म्हटला की आपल्याला लढाया आणि किल्ले आठवतात. अण्णाभाऊंनी पोवाड्यात उपाशी माणूस आणला.

माझी मैना

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड बहुतेक पालकांनी ऐकलेली असेल. वरवर ऐकलं तर ती नवऱ्याने बायकोच्या आठवणीत म्हटलेली गोड लावणी वाटते. नीट ऐकलं तर ती मुंबईला निघालेल्या गरीब माणसाची कहाणी आहे. घरी काही नाही म्हणून तो कामाला निघतो, बायको निरोप देते, तो तिला दागिन्यांची आशा दाखवतो आणि मुंबईत येऊन बघतो तर तिथे श्रीमंती एकीकडे आणि त्याच्यासारख्यांची तारांबळ दुसरीकडे. शेवटी शाहीर गाण्याला कलाटणी देतो. बायको जशी गावाकडे राहिली, तसे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे भाग महाराष्ट्रापासून तुटून राहिले, असं तो मांडतो. एका घराची ताटातूट सगळ्या मुलखाची होते.

आपल्या भागातल्या मुलांना हे गाणं लवकर कळतं, पण एक फरक ती लगेच पकडतात. गाण्यातली मैना गावात राहते. ऊसतोडीत मैनासुद्धा जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचलही जोडीच्या नावावर घेतलेली असते. मग गावात राहतं कोण? म्हातारी आजी आणि शाळेत जाणारं पोरगं. किंवा पोरगंही बैलगाडीत बसून फडावर जातं आणि आई-बाप ऊस तोडतात तेव्हा कोपीपाशी धाकट्याला सांभाळतं.

दूर देशातही अशीच गाणी

युरोपातल्या आयर्लंड या छोट्या देशात १८४५ पासून काही वर्षं बटाट्यावर करपा पडला. तिथला गरीब शेतकरी बटाट्यावरच जगत होता. साधारण १० लाख माणसं मेली आणि तेवढीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून अमेरिका, कॅनडा, इंग्लंडला गेली. त्या काळातही देशातून धान्य बाहेर जात होतं आणि खंड थकला म्हणून जमीनदार कुळांना घराबाहेर काढत होते. या लोकांनी मागे ठेवली ती गाणी. त्यातलं एक गाणं स्किबरीन नावाच्या गावावर आहे. त्यात मुलगा बापाला विचारतो, एवढं चांगलं गाव तुम्ही सोडलं का? बाप मग पीक जळाल्याचं, घर गेल्याचं, मुलाची आई गेल्याचं सांगतो.

हे सांगायचं कारण एवढंच, की इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळ म्हणजे आकडे असतात. त्या दुष्काळात घराघरात काय झालं, हे गाणी सांगतात. आयरिश माणसाला ते ठाऊक होतं, अण्णाभाऊंना ठाऊक होतं आणि जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

फकिरा आणि पुढचं लेखन

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच कलेला लोकनाट्याचं रूप दिलं. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. जग कष्टकऱ्यांच्या बळावर उभं आहे, हा त्यांचा तिथला विचार आजही सांगितला जातो.

'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. या कादंबरीच्या मुळाशीही दुष्काळच आहे. माणसं उपाशी मरत असताना फकिरा धान्य लुटतो आणि भुकेल्यांना वाटतो. तो चोर की वीर, हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात टाकून बघा, तास कसा संपला ते कळत नाही.

पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लावण्या आणि वग एवढं त्यांनी लिहिलं. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले. पण घरची गरिबी काही हटली नाही. घाटकोपरच्या चिराग नगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि बरंचसं लेखन तिथेच केलं. १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या साध्या घरात ते गेले. वय होतं अवघं ४८. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मान मिळाला, पण उशिरा.

वर्गात हा पाठ घेताना

आपल्याकडे अण्णाभाऊंची जयंती येते तेव्हा वर्ग भरलेला असतो. ऑगस्टमध्ये सगळी मुलं हजर असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि बाकं रिकामी होतात. कारखान्याचा पट्टा पडला की मुलं परत येतात, तोवर वर्ष संपत आलेलं असतं. म्हणून अण्णाभाऊंचा पाठ जयंतीच्या एका तासात उरकू नये. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने हातात आहेत, ते वापरावेत.

१) मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारावं. लाल मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायचं काम, हे सगळं आजी-आजोबांना आठवतं. ऐकलेलं पाच-सहा ओळींत लिहून आणावं.

२) आजीला येणारी एखादी ओवी किंवा गाणं वहीत उतरवून घ्यावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी म्हणून दाखवावं.

३) ज्या मुलांनी ऊसतोडीचा फड बघितला आहे, त्यांना त्या दिवशी शिकवायला उभं करावं. कोपी कशी बांधतात, मोळी कशी बांधतात, वाढे कशाला लागतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं मूल त्या दिवशी बोलतं.

४) पालकांशी दिवाळीच्या आधीच बोलून घ्यावं. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मूल मागे राहू शकतं. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी पत्रक द्यावं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं.

पालकांनाही एक विनंती. पोरगं हाताखाली असलं की कामाला मदत होते, हे खरं आहे, आणि आजारी म्हाताऱ्यांवर ते टाकून जाणंही सोपं नाही. तरी त्याचं दप्तर गाडीत ठेवा. अण्णाभाऊंना पाट्या वाचून शिकावं लागलं, कारण दुसरी वाटच नव्हती. आपल्या मुलांना ती आहे.

स्वाध्याय

१) अण्णाभाऊंचं कुटुंब मुंबईला पायी का गेलं?
२) 'बंगालची हाक' हा पोवाडा कोणत्या घटनेवर आहे?
३) गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाकडची कोणती गोष्ट सगळ्यात जास्त आठवत असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
४) फकिराने धान्य लुटलं ते बरोबर की चूक? तुमचं मत कारणासह सांगा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तपासताना लाल पेन जरा बाजूला ठेवा. शुद्धलेखन नंतरही सुधारता येतं.